आईचे नाव मी नोंदवले आहे

हडपसर, पुणे
24 जून 2021

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला न विचारता मी आईचे नाव कोरोनाच्या लसीसाठी नोंदवले आहे, रागावू नका. एका मोबाईल नंबरावर चार जणांची नोंद होते, म्हणून बाबांप्रमाणेच तिचीही माझ्या नंबरावर केली. येत्या गुरुवारी, 1 जुलैला, बाबांच्या पहिल्या डोसाला 84 दिवस पूर्ण होतात. त्या दिवशी धाकटे काका दोघांनाही गाडीने केंद्रावर नेतील.

बाबा, मे महिन्यात दोन डोसांमधले अंतर बारा ते सोळा आठवड्यांचे झाले आणि तुम्हाला रांगेतून परत यावे लागले, तेव्हा मी जवळ नव्हते याचे मला अजून वाईट वाटते. पण कोव्हिशील्डच्या चाचण्यांत जास्त अंतराने दुसरा डोस घेतलेल्यांना अधिक संरक्षण मिळाल्याचे दिसले होते, तेव्हा हे थांबणे वाया गेलेले नाही.

आई, ताप आला तर म्हशीची धार कोण काढणार, हे तू प्रत्येक फोनवर विचारतेस. दोन दिवस काकू काढतील, मी त्यांच्याशी बोलले आहे. ताप आलाच तर बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, आणि या लसीत कोरोनाचा विषाणू नसतो. ती इथे, माझ्या घराजवळच्या सीरममध्ये तयार होते आणि दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात जपून तुमच्यापर्यंत पोहोचते. शाळेत टोचायला आले की मी घरी पळून कणगीमागे लपायचे, आणि नंतर तू दंडावर फुंकर घालत बसायचीस. तुझ्या दंडावर फुंकर घालायला मात्र मी नसेन.

कर्नाटकात शिरताना कोगनोळीच्या नाक्यावर मागतात तो 72 तासांतला कोरोना चाचणीचा अहवाल मी काढू शकते, पण माझाही एकच डोस झाला आहे आणि कामासाठी रोज चार लोकांत जावे लागते. आक्कांच्या वेळी जे झाले त्यानंतर तुमच्या उंबऱ्याला धोका नेण्याची माझी हिंमत नाही, म्हणून या पावसात मी येळ्ळूरला येत नाही. ओट्यावरून पावसात दिसेनासा होणारा राजहंसगड, बासमती शिजताना माजघरापर्यंत येणारा वास, बाबांबरोबरचा बेळगावचा शनिवारचा बाजार आणि परतताना पिशवीत जपून धरलेला गोड कुंदा, यांवाचून दिवस फार रिकामे जातात.

आता नीट ऐका. उपाशी जायचे नाही, बाबांनी साखरेची गोळी चुकवायची नाही, मास्क नाकाखाली उतरू द्यायचा नाही आणि लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचे. फलक कानडीत असले तर आईने घाबरू नये, काका शेजारीच असतील. आधार कार्डे देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या डब्यात आहेत, ती आजच काढून ठेवा. आणि आई, त्या दिवशी सैल बाहीचे झंपर घाल.

तुमची,
धाकटी