बिल्डर येईपर्यंत लिफ्टचं काय?

महोदय,

पाचपाखाडीतली आमची सात मजल्यांची इमारत १९९२ सालची, आणि जाळीच्या दरवाजाची लिफ्टही तेव्हाचीच. तिची डागडुजी करायची की नवी बसवायची, हा विषय यंदा सलग चौथ्या वार्षिक सभेत आला आणि चौथ्यांदा एकाच वाक्यावर गुंडाळला गेला: ‘रिडेव्हलपमेंट होणारच आहे, आता कशाला खर्च?’ असं म्हणणारे सभासद बहुतेक पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरचे. मी सहाव्यावर राहतो, तेव्हा माझाही स्वार्थ आलाच.

पण रिडेव्हलपमेंट म्हणजे काय उद्या सकाळी होणारी गोष्ट आहे? कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं), रिडेव्हलपमेंटसाठी कलम ७९-अ खालची सभा, निविदा, करारनामा, पालिकेची मंजुरी. आमचं घोडं तर अजून कन्व्हेयन्सपाशीच अडलंय. तोवर लिफ्ट रोज वर-खाली करणारच. सध्या ती मजल्याच्या तीन-चार बोटं खाली थांबते, कधी वर. जुन्या मोटरला वेग हळूहळू कमी करता येत नाही, ब्रेक लागला की ती थांबते. ब्रेकचे पट्टे झिजले आणि आत माणसं कमी-जास्त असली की थांबण्याची जागा चुकते. जुलैत वीज गेली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी मधेच अडकल्या. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारं बॅटरीचं यंत्र आमच्याकडे नाही. मेकॅनिक येऊन गच्चीवरच्या मशीन रूममध्ये हाताने चाक फिरवेपर्यंत अर्धा तास गेला. आजी आता जिन्यानेच उतरतात, म्हणजे उतरतच नाहीत.

आमच्याकडे दोन कोटेशन आली. देखभाल करणारी कंपनी म्हणते, सुटे भाग मिळत नाहीत, सगळी नवी घ्या. दुसरी म्हणते, आधुनिकीकरण पुरे. दोघीही विकणाऱ्याच! शेवटी या धंद्यात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त परिचितांना गच्चीवर नेलं आणि लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यातही उतरवलं. त्यांचं म्हणणं मला पटलं. लिफ्ट ज्यांच्या आधाराने सरकते ते उभे रूळ, म्हणजे गाइड रेल, आणि तिचा तोल राखणारं मागचं वजन, म्हणजे काउंटरवेट, हे लोखंड गंजलं किंवा वाकलं नसेल तर कित्येक वर्षं चालतं. म्हातारे होतात ते कंट्रोलर (लिफ्ट चालवणारी विजेची पेटी), मशीन, दोर आणि दरवाजे. तेवढे बदलले, मोटरला वेग सांभाळणारा ड्राइव्ह आणि बॅटरीचं यंत्र बसवलं, तर लिफ्ट मजल्याला बरोबर लागते आणि वीज गेली तरी कुणी अडकून पडत नाही. बंदही काही आठवडेच ठेवावी लागते. पूर्ण नवी बसवायची तर बहुधा महिने जातात, आणि सातव्या मजल्यावर डायलिसिसचा रुग्ण आहे. आमच्या खड्ड्यात दर पावसाळ्यात पाणी भरतं. रेलची खालची टोकं किती गंजलीत हे खरवडून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका, असंही ते म्हणाले. सभेत चार वर्षांत खड्ड्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

नव्या लिफ्टबद्दल आणखी एक भ्रम आहे. लिफ्ट नवी आली तरी डक्ट, म्हणजे ती ज्यातून वर-खाली जाते तो उभा पोकळ भाग, जुनाच राहतो. स्ट्रेचर आज मावत नाही, ते तेव्हाही मावणार नाही. उलट स्वयंचलित दार बसवलं तर वाट थोडी अरुंदच होऊ शकते. आमच्या खजिनदारांना केबिनमध्ये ग्रॅनाइटची फरशी हवी आहे. काउंटरवेट म्हणजे रिकाम्या केबिनचं वजन आणि लिफ्टच्या पूर्ण क्षमतेच्या साधारण निम्मं वजन, एवढं मिळून असतं. फरशीने केबिन जड झाली की हा तोल बिघडतो आणि ताण मशीनवर येतो. शिवाय कंट्रोलर असा घ्यावा की उद्या दुसऱ्या कंपनीलाही दुरुस्त करता येईल. त्याचा पासवर्ड एकाच कंपनीकडे राहिला तर पुढची सगळी वर्षं ती म्हणेल ते दर.

पैशाचं म्हणाल तर सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठी सभासदांकडून साठवला जाणारा निधी, दरवर्षी बांधकाम खर्चाच्या पाव टक्क्याने जमतो, तोही १९९२ च्या खर्चाच्या. त्यात दोरसुद्धा येतील की नाही, शंका आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च तिचा वापर करो वा न करो, इमारतीतल्या सर्व सभासदांवर सारखा पडतो. तळमजल्यावाल्यांना ते जाचक वाटतं, हे मी समजू शकतो.

स्ट्रक्चरल ऑडिटसाठी महापालिकेच्या पॅनेलवरचे अभियंते असतात, त्यामुळे सोसायटीला कुणाकडे जायचं ते कळतं. १९३९ चा जुना कायदा जाऊन लिफ्टसाठी २०१७ चा नवा कायदा आला, परवाना आणि तपासणीही आहे. पण लिफ्ट सुरक्षित आहे का आणि तिच्यावर आता किती खर्च करणं शहाणपणाचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणारे, लिफ्ट न विकणारे अभियंते कुठे शोधायचे? उद्वाहन निरीक्षक कार्यालयाने किंवा गृहनिर्माण संस्थांच्या महासंघाने अशी यादी जाहीर करावी. माझ्या परिचितांना पंचाहत्तराव्या वर्षी प्रत्येक सोसायटीच्या खड्ड्यात उतरवता येणार नाही.

– एक सभासद, पाचपाखाडी, ठाणे