परिसर अभ्यासाचा तास दुसऱ्या कुणाला देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. त्याच्या आगेमागे चार-आठ दिवसांत जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत वार्षिक नियोजन आणि वेळापत्रक तयार होते. या कागदांकडे गावाचे सहसा लक्ष नसते. पण आपले मूल वर्षभर काय शिकणार आणि कशाला मुकणार, हे तिथेच ठरते. शिक्षक मंडळी पट्टी घेऊन चौकटी आखायला बसण्याआधी माझे म्हणणे त्यांच्यापर्यंत, शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोचावे, म्हणून हे पत्र.

मी मिरज तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सुरुवातीची नोकरी जतच्या पूर्व भागात झाली, नंतरची सगळी कृष्णाकाठच्या गावांत. बहुतेक काळ द्विशिक्षकी शाळा होती. पहिली ते चौथीचे चार वर्ग, दोन खोल्या, आम्ही दोघे. त्यातच पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, मतदार यादीचे काम. त्यामुळे शाळेत वेळ किती तोकडा असतो, हे मला कुणी सांगायला नको.

भिंतीवरच्या वेळापत्रकात परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांच्या तासिका आखलेल्या असतात. प्रत्यक्षात दिवाळीनंतर त्यातल्या बऱ्याचशा शिष्यवृत्ती आणि नवोदय प्रवेश परीक्षेच्या सरावाला जातात. परीक्षेला बसणारी मुले पुढच्या रांगेत सरावपत्रिका सोडवतात आणि बाकीची फळ्यावरचे उतरवून घेतात. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. कला-कार्यानुभवालाही श्रेणी आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. त्या नोंदी वेळेवर लिहून होतात, पण ज्या तासाची नोंद असते तो तास बऱ्याच ठिकाणी झालेलाच नसतो. याचे मला फार वाईट वाटते.

हे का होते, ते गुणांच्या वाटणीवरून लगेच कळते. शिष्यवृत्तीच्या ३०० गुणांत गणिताला १००, बुद्धिमत्ता चाचणीला १००, मराठीला ५० आणि इंग्रजीला ५०. या वाटणीत परिसर अभ्यासाला एकही गुण नाही. नवोदयचे १०० गुण मानसिक क्षमता ५०, अंकगणित २५, भाषा २५ असे. शासनाच्या नियतकालिक चाचण्या मराठी, गणित आणि इंग्रजीच्या. ज्याची परीक्षा नाही ते सोडले तरी चालते, असा समज शिक्षकांच्या मनात हळूहळू घर करतो. मग पालकांच्याही.

पालकांना मी बोल लावणार नाही. अर्धा एकर जिराईत किंवा रोजच्या हजेरीवर जगणाऱ्या घराला पलूसचे नवोदय विद्यालय म्हणजे सहावीपासून बारावीपर्यंत राहणे, जेवण, शिक्षण सगळ्याची सोय. त्या आशेने आई मुलाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवत असेल, तर तिचे काय चुकले? सराव जरूर व्हावा. तो शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर व्हावा. वर्गातल्या सगळ्या मुलांच्या वाट्याची तासिका काढून चार-सहा मुलांना देऊ नये.

शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगतो. २०० दिवस म्हणजे सुमारे ३३ आठवडे. चित्र, गाणे, हातकाम मिळून आठवड्याला दोन तास दिले तरी वर्षाचे ६६ तास होतात, म्हणजे ८०० चा जेमतेम बारावा हिस्सा. याच कायद्याचे २९ वे कलम अभ्यासक्रमात मुलाचा सर्वांगीण विकास पाहायला सांगते. त्यासाठी बारावा हिस्सा राखून ठेवणे जड जाऊ नये.

मात्र दोन शिक्षकांनी चार वर्गांचे सात-आठ विषय वेगवेगळे शिकवावेत, असे कुणी म्हणाले तर ते होणार नाही. मी तसे कधी केले नाही. आमच्या शाळेत महिन्याचा एक विषय गावातून निवडायचा आणि चारही वर्गांनी तोच आपापल्या वयाप्रमाणे करायचा, असे आमचे नियोजन असे. समतोल याच वाटेने साधतो, असे माझे मत आहे. सगळ्या विषयांना सारखे तास वाटून तो येत नाही.

हळदीचेच सांगते. जानेवारी-फेब्रुवारीत हळद निघते. पहिलीची मुले जेठे गड्डे, बगल गड्डे, हळकुंडे असे ढीग वेगळे करत आणि मोजत. दुसरीची मुले तराजूवर ओली हळद तोलत, वाळल्यावर पुन्हा तोलत. साधारण पाचवा हिस्सा उरतो हे त्यांना आधी हाताला कळायचे, मग वहीत. तिसरीची मुले घरी आजीला विचारून हळद कशी शिजवतात, पॉलिश कशी करतात ते लिहून आणत. चौथीची मुले सांगलीच्या मार्केट यार्डातला दर वर्तमानपत्रात पाहून क्विंटलचा हिशेब करत आणि नकाशात गाव, सांगली, हरिपूर दाखवत. हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांची, माहिती सांगायला गावातलेच एक वयस्कर हमाल येत. पेव उघडल्याबरोबर माणूस आत का उतरत नाही, आधी हवा का खेळू देतात, यावर मुले इतके प्रश्न विचारत की विज्ञानाचा धडा त्यातच होऊन जाई. २००५ च्या पुरात ती पेवे पाण्याखाली गेली, हा इतिहासही त्या हमालांकडूनच कळला. शेवटी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदावर चुन्याच्या निवळीने चित्र काढायचे. पिवळ्यावर लाल रेघ उमटली की वर्गात एकच ओरडा होई. वर लिंबू पिळले की तो लाल रंग जातो, हे एका मुलीने स्वतः शोधून काढले.

वर्गात एक मुलगा होता. निबंध म्हटले की दोन ओळींत संपवायचा. त्याच्या घरी हळद शिजवायची काहील होती. त्याने त्या आठवड्यात पानभर लिहिले. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, पण जाळ किती ठेवायचा, हळद शिजली हे कसे ओळखायचे, असे सगळे क्रमाने होते. त्या पानावरून मी त्याला पुढचे दोन महिने शुद्धलेखन शिकवले.

आता पायाभूत वाचन-गणितासाठीच्या ‘निपुण महाराष्ट्र’ अभियानाचा आग्रह आहे. मुलाला वाचता आले पाहिजे, बेरीज-वजाबाकी आली पाहिजे, हे मला शंभर टक्के मान्य आहे. माझे मतभेद एवढेच की त्यासाठी बाकीचे विषय थांबवावे लागत नाहीत. अक्षरे जोडून फडाफडा वाचणारी पण उताऱ्यावरच्या प्रश्नाला गप्प बसणारी मुले मी पुष्कळ पाहिली. त्यांना अक्षरे येत होती. उताऱ्यात आलेल्या गोष्टी त्यांनी कधी पाहिल्या, हाताळल्या, बोलल्या नव्हत्या. परिसर अभ्यास काढून घेऊन आपण वाचनच कच्चे ठेवतो.

आपल्या जिल्ह्याइतकी शिकण्याची सामग्री फार थोड्या ठिकाणी असेल. पावसाळ्यात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी रोज छापून येते. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. आज पाणी ३८ फूट ७ इंच असेल तर धोका पातळीला किती कमी? उत्तर ६ फूट ५ इंच. इथे हातचा दहाचा घ्यायचा नसतो, बाराचा घ्यायचा असतो, हे मुलांना पुस्तकातल्या उदाहरणापेक्षा या आकड्यावरून पक्के कळते, कारण त्यावर घरची जनावरे कधी हलवायची ते ठरणार असते. रोजचा आकडा चौकटीच्या कागदावर मांडला की महिन्याचा आलेख तयार होतो. कोयना धरणाची १०५.२५ टीएमसीची क्षमता आणि आजचा साठा त्याच्या शेजारी लिहिला की वरच्या भागातला पाऊस आणि आपल्या दारातले पाणी यांचे नाते चौथीच्या मुलाला समजते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नदीकाठच्या मुलाला हे वाचता येणे जगण्यासाठी लागते.

मिरजेत तंतुवाद्ये बनवणारी घराणी आहेत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळा पंढरपूरकडून येतो आणि इथल्या कारागिरांच्या हातून त्याचा तानपुरा होतो. तालुक्यातली किती मुले ते दुकान एकदा तरी पाहून आली आहेत? तार आवळली की आवाज चढतो, लांब तारेचा स्वर खाली येतो, हे पाचच मिनिटांत कळते आणि जन्मभर लक्षात राहते. तासगाव, कवठेमहांकाळकडच्या शाळांना बेदाणा आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे भागाकार दारातच आहे. खानापूर-आटपाडीच्या मुलांचे काका-मामा गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरले आहेत. त्यांनी भारताचा नकाशा नातेवाइकांच्या गावांवरून शिकावा. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगमंचावर आणले, म्हणून त्या दिवशी सगळा महाराष्ट्र रंगभूमी दिन पाळतो. आपल्या शाळांत त्या दिवशी मुलांनी दहा मिनिटांचे नाटुकले स्वतः लिहून करायला काय हरकत आहे? बेंदराला मातीचे बैल, नागपंचमीला फेराची गाणी हे तर कुणी शिकवावेही लागत नाही, फक्त त्यासाठी तास हवा.

जतकडच्या शाळेतले एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या पुष्कळ मुलांच्या घरी कन्नड बोलतात. पहिलीतली मुले मराठीत तोंड उघडत नसत. मातीकाम आणि चित्र सुरू झाल्यावर ती बोलू लागली, कारण आपण केलेला बैल बाईंना दाखवायचा होता. आधी कन्नडमध्ये, मग मोडक्या मराठीत, दिवाळीपर्यंत चांगल्या मराठीत. त्या मुलांचा कलेचा तास काढला असता तर मी त्यांची भाषाच काढून घेतली असती.

२०२५ मध्ये एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पहिलीपासून तिसरी भाषा शिकवण्याच्या शासन निर्णयांवरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जूनला शासनाने ते निर्णय मागे घेतले. ती चर्चा गरजेची होती, मीही त्यात माझे मत मांडले होते. पण त्याच वर्षी पहिलीला नवा अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यात कला, खेळ, हातकाम यांना प्रत्यक्षात किती वेळ मिळणार, यावर कुठे अर्धा रकानाही वाचल्याचे आठवत नाही. पुढच्या इयत्तांचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने येत आहे. आता तरी हे विचारले पाहिजे.

‘आनंददायी शनिवार’ हा उपक्रम चांगला आहे. मात्र त्याचा एक परिणाम मला दिसतो. गाणे, चित्र, खेळ सगळे शनिवारच्या सकाळी ढकलायचे आणि उरलेले पाच दिवस फक्त सराव करायचा, अशी सोय काही शाळांनी करून घेतली आहे. शनिवारी सुट्टी आली की आठवडा तसाच जातो. शनिवार राहू द्या, पण बाकीच्या दिवसांच्या तासिकाही राहू द्या.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे सातारच्या बोर्डिंगात मुलांना शेतकाम, स्वयंपाक करत शिकवले. माझे वडील त्याच परंपरेतल्या एका वसतिगृहात शिकले. उसाची लागण करता करता क्षेत्रफळ शिकलो, असे ते सांगत. ते पुढे पाटबंधारे खात्यात लागले आणि नोकरीभर जमिनीची मापे घेत राहिले. आपल्या भागाला हे नवे नाही.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला माझी विनंती आहे की या वर्षी प्रत्येक केंद्राने आपल्या भागाचे महिनावार विषय ठरवून मग शाळांकडून वार्षिक नियोजन मागावे. शिराळ्याच्या डोंगरातले आणि जतच्या माळावरचे नियोजन एकसारखे असू नये. शिष्यवृत्तीचे जादा तास परिसर अभ्यास, कला, कार्यानुभव आणि खेळाच्या तासिकांत घेऊ नयेत, असे लेखी कळवावे. मिरजेला, मार्केट यार्डाला, सागरेश्वर अभयारण्याला मुले नेण्यासाठी एसटीच्या भाड्यापुरती तरतूद करावी, कारण आज तो खर्च बहुतेक ठिकाणी शिक्षकांच्या खिशातून होतो. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी मासिक सभेत एकच प्रश्न विचारावा: गेल्या आठवड्यात परिसर अभ्यासाच्या तासाला काय केले? मुलाच्या वहीत ते दाखवायला सांगावे.

आपल्या दैनिकात शिष्यवृत्तीच्या गुणवंतांचे फोटो दरवर्षी येतात, ते यावेत. त्यासोबत जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेने महिनाभर केलेल्या अशा कामालाही जागा द्यावी. शिक्षक ते वाचतात आणि आपल्या शाळेत करून पाहतात, हा अनुभव आहे.

हळद, पुराचे पाणी आणि बेदाणा या तीन विषयांचे इयत्तावार टाचण माझ्या वहीत लिहिलेले आहे. मिरज, तासगाव, पलूस तालुक्यांतल्या ज्या केंद्राला ते उपयोगी वाटेल त्यांनी शिक्षण परिषदेला बोलवावे, मी वही घेऊन येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. बोलवायचे तर जूनमध्येच बोलवावे. एकदा वेळापत्रकाचा कागद भिंतीवर लागला की वर्षभर तो बदलत नाही.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. मिरज, जि. सांगली