रिकाम्या घरात १८७ युनिट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वीज मंडळात मी १९८४ साली लागलो. २००५ मध्ये मंडळाचं विभाजन होऊन आम्ही महावितरणचे झालो, पण माझं टेबल काही बदललं नाही. निवृत्त झालो तेव्हाही मी मीटर तपासणीतच होतो. बढाई मारायची म्हणून हे सांगत नाही. माझं ऐरोलीचं घर माझ्या माघारी कोण वापरतंय हे मला ना मॅनेजरने सांगितलं, ना सोसायटीने. ते कळलं मीटरमुळे.

राहायला आम्ही ठाण्यात, नौपाड्यात. ऐरोलीचा वन-बीएचके मुलासाठी घेतला होता, पण मुलगा पुण्यात रमला. ऐरोली तशी लांब नाही, ट्रान्स-हार्बर लोकलने दहा-बारा मिनिटं. पण लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं नागपूरला गेलो ते आठ महिने तिथेच राहिलो. जाण्याआधी ओळखीतल्या एकाने ‘प्रॉपर्टी मॅनेजर’ सुचवला. भाडं २४ हजार, डिपॉझिट १ लाख आणि भाड्यातून दर महिन्याला ८ टक्के त्याचे. ब्रोकर एका महिन्याचं भाडं घेतो नि मोकळा होतो. हा दर महिन्याला घेणार, म्हणजे दर महिन्याला काहीतरी करणारही, असं मी गृहीत धरलं. काय करणार, याची कागदावर एक ओळ नव्हती. वर मी त्याला कुलमुखत्यारपत्र करून दिलं, तेही सरसकट सगळ्या अधिकारांचं. बायको तेव्हा म्हणाली होती, गिरणीत दळण टाकतानासुद्धा तुम्ही डबा वजन करून घेता.

पाचव्या महिन्यात त्याचा फोन आला. भाडेकरू गेला, भिंतींना रंग काढावा लागेल, बाथरूमला गळती आहे, दोन महिने घर रिकामं राहील. रंगाचे १८ हजार आणि प्लंबरचे ३,८०० मी नागपूरहून पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘काका, मजूर कधी बिल देतात का?’’ मी गप्प बसलो. महिन्याभराने नातवाला मांडीवर झोपवता झोपवता, सवयीने, ऐरोलीच्या मीटरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक मोबाईलवर टाकला. बिलात वापर: १८७ युनिट.

रंगाऱ्याने दिवसभर पंखा आणि दोन दिवे चालू ठेवले तरी महिन्याचे तीस युनिट होणार नाहीत. फ्रिज कुणी बंद करायचा विसरलं असं धरलं तर दिवसाला आणखी एक. साठच्या पुढे गाडी जाऊच शकत नाही. बाकीचे सव्वाशे युनिट कुणी खाल्ले?

परत आल्यावर मी मॅनेजरला कळवलंच नाही. दुपारी अडीचच्या सुमारास थेट इमारतीच्या मीटर रूममध्ये गेलो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. माझ्या मीटरवर ३२०० असं छापलंय, म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळतं. घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला ८०, म्हणजे तासाला ४,८००, दीड युनिट. म्हणजे त्या क्षणी माझ्या ‘बंद’ घरात दीड किलोवॉट ओढला जात होता. दुपारच्या वेळी गीझर कोण लावणार? एसी चालू होता.

वर जाऊन बेल वाजवली. हाफपँटमधल्या एका तरुणाने दार उघडलं. आतली गार हवा माझ्या तोंडावर आली. बिचारा इंदूरहून एका आयटी कंपनीत महिन्याभराच्या ट्रेनिंगला आला होता. दिवसाला अठराशे रुपये देत होता, ‘ओनर’च्या मोबाईलवर. मी म्हटलं, ओनर मी आहे. तो आधी हसला, मग त्याने मला आत बोलावून पाणी दिलं. माझ्याच घरात, माझ्याच ग्लासातून. त्याच्या आधी कोण कोण राहून गेलं ते आजही मला माहीत नाही. पोलिसांकडे त्यांच्यापैकी एकाचंही नाव नोंदवलेलं नव्हतं. कुणी काही उद्योग करून गेला असता तर पोलीस त्या मॅनेजरकडे नाही, नौपाड्यात माझ्या दारात आले असते.

पुढचं आणखी मजेशीर. काही दिवसांनी ऐरोली स्टेशनवर जुना भाडेकरू भेटला आणि माझ्यावरच उखडला: ‘‘रंगाचे पंधरा हजार डिपॉझिटमधून कापलेत, काका!’’ एकाच भिंतीचे पैसे मॅनेजरने आम्हा दोघांकडून घेतले होते, आणि रंग लागला होता फक्त हॉलला. डिपॉझिट त्याच्याच खात्यात असल्यामुळे मला पत्ताही लागला नाही. भाडेकरूबरोबरचा करार काढून बघितला तर पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला. ‘अकरा महिन्यांच्या आतलं आहे, रजिस्टर करायची गरज नसते,’ असं त्याने मला ठोकून दिलं होतं, आणि मीही ते ऐकून घेतलं होतं.

हे धादांत खोटं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा, करार लेखी हवा आणि नोंदणीकृतच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. भाडेकरूची नाही, मॅनेजरचीही नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे वाद झाला की करारातल्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. आणि खर्च तरी किती? मुदतीचं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क. माझ्या हिशेबात ते सातशेच्या घरात येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. नोंदणीसाठीचे अंगठ्याचे ठसे घरबसल्या देता येतात. यासाठी सात-आठ हजार मागणाऱ्या मॅनेजरला सरकारी पावती दाखव म्हणावं.

नव्या प्रकल्पातलं घर विकून देणाऱ्या एजंटला निदान महारेराची, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियामकाची, नोंदणी लागते. भाड्याच्या घराचा कारभार बघणाऱ्याला तेवढीही नाही. आज दुकानात बसलेला माणूस उद्या ‘मॅनेजमेंट सर्व्हिसेस’ची पाटी लावू शकतो. त्यामुळे आपल्या आणि त्याच्यातला कागद हाच काय तो आधार. माझ्या कागदात आता पैशाचा मुद्दा सगळ्यात वर आहे: भाडं आणि डिपॉझिट थेट माझ्या बँक खात्यात, आणि मॅनेजरचं बिल मी वेगळं चुकवणार. हे म्हटल्यावर दोघा-तिघांनी काम घ्यायलाच नकार दिला, आणि तिथेच अर्धी परीक्षा झाली. कुलमुखत्यारपत्र दिलंच तर ठरावीक कामांपुरतं. दोन हजारांच्या वरची दुरुस्ती मला विचारल्याशिवाय नाही, आणि दुरुस्तीच्या आधीचा न् नंतरचा फोटो. घर रिकामं होताना आणि नवीन माणूस येताना मीटरचं रीडिंग, गॅसचं रीडिंग, भिंती, नळ, सगळ्याचा व्हिडिओ. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसकडेही, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते त्या शुल्काकडेही, त्याने डोळे उघडे ठेवून बघायला हवं. राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाहीत, आणि त्या सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. आमची सोसायटी अख्ख्या बिलावर लावत होती आणि जुना मॅनेजर निमूट भरत होता. पैसे माझे, त्याच्या पोटात का दुखावं?

आणखी एक, जे मला आमच्या सीएने उशिरा सांगितलं. घरभाड्याच्या उत्पन्नातून, भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर, सरसकट ३० टक्के वजावट मिळते. मॅनेजरचं कमिशन वेगळं दाखवता येत नाही, ते त्या ३० टक्क्यांतच आलं. तेव्हा ‘काका, टॅक्समध्ये सुटतं’ म्हणून कुणी दर वाढवून सांगत असेल तर हिशेब आधी स्वतः करा.

सध्या काम एका बाईंकडे आहे. त्या नेरुळला राहतात. दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत एका पानाचा हिशेब येतो, मीटरच्या फोटोसकट. फोटो मी मागितला नव्हता; माझी हकिगत ऐकून त्यांनीच सुरू केला. पण त्यांच्यावर मी विश्वास टाकला तो फोटोमुळे नव्हे. गेल्या जानेवारीत गीझर बंद पडला. नवीन साडेसात हजारांचा. मी म्हटलं, आधी कॉइल बदलून बघू, चार-पाच दिवस थांबू. त्या थांबता थांबता नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी बाईंचा फोन: ‘‘काका, भाडेकरूच्या घरात तीन वर्षांची मुलगी आहे. ती गॅसवर तापवलेल्या पाण्याने अंघोळ करतेय. भाडं तुम्ही पूर्ण घेताय. उद्या गीझर बसवते, बिल पाठवते. पटत नसेल तर दुसरं कुणी बघा.’’ दोन हजारांची अट मीच घातली होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं असं नाही. पण बोललो नाही. तो भाडेकरू आता तिसऱ्या वर्षात आहे. दर वेळी करार रीतसर नोंदवून. मधल्या काळात घर एक दिवस रिकामं राहिलेलं नाही, आणि मालकाच्या खिशाला सगळ्यात मोठी चाट बसते ती रिकाम्या घरानेच.

जुन्या मॅनेजरविरुद्ध तक्रार केली का, असं लोक विचारतात. किल्ल्या परत घेतल्या, कुलमुखत्यारपत्र रीतसर रद्द केलं, भाडेकरूचे पंधरा हजार माझ्या खिशातून त्याला दिले. रोजच्या अठराशेंचा हिशेब मात्र मिळाला नाही. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायला गुडघे तयार नव्हते, हे कबूल करतो.

इमारतीत ही गोष्ट पसरल्यावर दोघा मालकांनी, एक असतात देवगडला आणि एक दुबईला, मला आपापले ग्राहक क्रमांक पाठवलेत. देवगडकरांच्या ‘बंद’ घराचं गेल्या महिन्याचं बिल ९६ युनिटचं आहे. त्यांचा मॅनेजर म्हणतो, मीटर फास्ट आहे. रविवारी दुपारी घड्याळ घेऊन मीटर रूमला जाऊन येतो.

आपला,
एक निवृत्त मीटर टेस्टर,
नौपाडा, ठाणे