खपली गव्हाची प्रथिने चुकीची दाखवणाऱ्या धान्य-तपासणी यंत्राबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : हातात धरून वापरण्याच्या निअर इन्फ्रारेड (अवरक्त किरणांच्या) यंत्राने खपली गव्हातील प्रथिनांचे दिलेले चुकीचे आकडे आणि त्याबाबत दोन्ही सेवा-केंद्रांनी केलेली टाळाटाळ

महोदय,

मी निपाणी तालुक्यातील शेतकरी असून चिकोडी आणि रायबाग भागातल्या शेतकऱ्यांकडून खपली गहू घेतो, तो कांडून, निवडून कोल्हापूर-पुण्याच्या गिऱ्हाइकांना विकतो. घरचीच माणसे हे काम करतात आणि आमचा उदरनिर्वाह त्यावर चालतो. तंबाखूसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या पेठेत गव्हातली प्रथिने किती, असे विचारणारे गिऱ्हाईक पूर्वी नव्हते. खपली हुग्गीसाठी, म्हणजे गव्हाच्या खिरीसाठी, लागायची आणि तिची पारख दाताखाली दाणा फोडून व्हायची. आता पुण्याचे व्यापारी आकडा मागतात, म्हणून गेल्या हंगामाच्या तोंडावर आपले यंत्र कोल्हापूरच्या अधिकृत विक्रेत्याकडून पूर्ण रक्कम भरून विकत घेतले.

यंत्र बंद पडलेले नाही, हे आधीच स्पष्ट करतो, कारण आपल्या सेवा-केंद्राकडून आजवर आलेले प्रत्येक उत्तर ते बिघडले आहे असे धरूनच आले आहे. सांगितल्याप्रमाणे पांढरी संदर्भ चकती पुसून यंत्र पुन्हा जुळवून घेतले, ते अर्धा तास सावलीत ठेवले आणि एकाच पोत्यातला नमुना दर वेळी नव्याने भरून दहा वाचने घेतली. दहाही वाचने एकमेकांपासून 0.2 टक्क्यांच्या आत राहिली. म्हणजे यंत्र स्थिर आहे, पण तो स्थिर आकडा खरा आहे की नाही, हे त्यावरून ठरत नाही.

ते ठरवण्यासाठी मी तीन नमुने स्वखर्चाने प्रयोगशाळेत केल्डाल पद्धतीने, म्हणजे नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिने काढण्याच्या रासायनिक पद्धतीने, तपासून घेतले. तिन्हींचा ओलावा 10 टक्के होता आणि अहवालात प्रथिनांचे प्रमाण त्या ओलाव्यासह, नायट्रोजनला 5.7 ने गुणून दिलेले आहे. साध्या लोकवन गव्हाचा अहवाल 11.0 टक्के आला, आपल्या यंत्राने 13.4 दाखवले. कांडलेल्या खपलीच्या पहिल्या नमुन्याचा अहवाल 13.2 आणि यंत्राचा आकडा 14.3. दुसऱ्या नमुन्याचा अहवाल 11.6 आणि यंत्राचा आकडा 14.4.

वरवर पाहिले तर लोकवनच्या बाबतीत यंत्र फार चुकते आणि खपलीचा पहिला नमुना त्यामानाने बरा आहे, असे वाटेल. मलाही आधी तसेच वाटले. नंतर प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांनी लक्षात आणून दिले की गव्हासाठी नायट्रोजनचा गुणक 5.7 धरतात, तर इतर अनेक अन्नपदार्थांसाठी आणि पशुखाद्यासाठी 6.25 धरतात, शिवाय काही यंत्रे ओलावा वगळून कोरड्या वजनावर आकडा देतात. लोकवनचे 11.0 टक्के 6.25 च्या गुणकाने आणि कोरड्या वजनावर मांडले, तर बरोबर 13.4 येतात. म्हणजे लोकवन आपले यंत्र अचूक मोजते, फक्त त्याचा हिशेब वेगळा आहे. हा हिशेब पुस्तिकेत कोठेही नाही, पडद्यावर नुसते ‘प्रथिने’ आणि पुढे टक्के एवढेच दिसते. या एका न लिहिलेल्या ओळीमुळे मी लोकवनच्या पिशव्यांवर 13.4 छापले आणि गिऱ्हाइकाने स्वतः तपासणी केल्यावर फसवणुकीचा आरोप ऐकून घेतला.

आता हाच हिशेब खपलीला लावून पाहावा. पहिल्या नमुन्याचे 13.2 या पद्धतीने 16.1 होतात आणि यंत्र 14.3 म्हणते, म्हणजे 1.8 ने कमी. दुसऱ्याचे 11.6 हे 14.1 होतात आणि यंत्र 14.4 म्हणते, म्हणजे 0.3 ने जास्त. चूक एकाच दिशेची आणि एकाच मापाची असती, तर ठरावीक आकडा मिळवून किंवा वजा करून मी काम भागवले असते. येथे तसे करण्याची सोय नाही. दोन नमुन्यांत खरा फरक 1.6 टक्क्यांचा असताना यंत्राला ते जवळपास सारखेच दिसले आणि मी दोन्ही शेतकऱ्यांना एकच भाव दिला. ज्याची खपली सरस होती, त्याच्या हाती अहवाल पडला तेव्हा तो माझ्या दारात उभा राहिला. त्याला काय सांगायचे, हे आपल्या पुस्तिकेत नाही.

याचे कारण मला समजते ते असे. हे यंत्र प्रथिने थेट मोजत नाही. दाण्यावरून परतलेल्या किरणांपैकी कोणत्या तरंगलांबीचे किती शोषले गेले ते पाहून, आधी रसायनशाळेत तपासलेल्या नमुन्यांच्या आधारे ते अंदाज बांधते. आपल्या यंत्राचा पल्ला 900 ते 1700 नॅनोमीटर इतकाच आहे. प्रथिनांनी किरण शोषल्याच्या ठळक खुणा त्यापुढे, 2050 ते 2200 च्या आसपास असतात, आणि 1500 च्या जवळची जी फिकट खूण या पल्ल्यात येते, तिच्या शेजारीच 1450 ला पाण्याची रुंद खूण पसरलेली असते. त्यामुळे अशा यंत्राची सारी भिस्त कॅलिब्रेशनवर, म्हणजे ते कोणत्या धान्याच्या किती नमुन्यांवर तयार केले त्यावर असते. यंत्राच्या यादीत गहू, तांदूळ, मका आणि ज्वारी आहे, पण खपली नाही. विक्रेत्याने मला ‘गहू’ निवडायला सांगितले. खपली हा गहूच आहे, परंतु रोटीच्या गव्हापेक्षा ती वेगळी प्रजाती आहे आणि मळणीनंतरही तिचा दाणा टरफलात राहतो. टरफलासकट मोजलेल्या खपलीचे आकडे तर मी या पत्रात दिलेही नाहीत, कारण तशा वाचनात यंत्र दाण्याइतकेच टरफलही पाहत असणार.

आपल्या माहितीपत्रकात कॅनडाचे उदाहरण अभिमानाने दिलेले आहे. तेथील धान्य आयोगाने 1975 पासून गव्हाच्या प्रथिनांसाठी हीच पद्धत स्वीकारली, हे खरे आहे. परंतु तेथे यंत्रांमागे रासायनिक प्रयोगशाळा उभी असते आणि दर हंगामाच्या गव्हावर कॅलिब्रेशन पडताळले जाते. ग्राहकाला यंत्र विकून ती पडताळणी त्याच्यावर सोडायची असेल, तर तसे विक्रीपूर्वी सांगायला हवे होते.

सेवेबाबत थोडक्यात लिहितो. कोल्हापूरचे केंद्र म्हणते, आपला पत्ता कर्नाटकातला, बंगळूरला कळवा. बंगळूरचे केंद्र म्हणते, पावती महाराष्ट्रातली, कोल्हापूरला कळवा. कोल्हापूर आमच्यापासून सुमारे चाळीस किलोमीटर आणि बंगळूर पाचशेहून अधिक. सीमाभागात राहणाऱ्याला सरकारी कचेऱ्यांचे असे अनुभव नवे नाहीत, पण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत ते सोसण्याचे कारण मला दिसत नाही.

यास्तव माझी मागणी अशी आहे की यंत्राचा आकडा कोणत्या गुणकाने आणि कोणत्या ओलाव्यावर दिला जातो हे आपण मला लेखी कळवावे, ‘गहू’ या कॅलिब्रेशनमध्ये खपलीचे नमुने होते का आणि असल्यास किती होते ते सांगावे, आणि नसल्यास खपलीसाठी स्वतंत्र कॅलिब्रेशन येत्या हंगामापूर्वी, म्हणजे फेब्रुवारीअखेर, विनामूल्य उपलब्ध करून द्यावे. त्यासाठी लागणारे नमुने मी पुरवीन. आमच्या भागात धारवाड कृषी विद्यापीठाचे डीडीके 1025 आणि डीडीके 1029 हे वाण आहेत, तसेच काही घरांत जुने गावरान बियाणेही टिकून आहे. दोन-चार नमुन्यांवर हे काम होत नाही, याची मला जाणीव आहे आणि आपल्यालाही ती असावी. हे शक्य नसेल, तर यंत्र परत घेऊन पूर्ण किंमत आणि तिन्ही तपासण्यांचा खर्च परत करावा.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत एकाच जबाबदार अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर यावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी माझ्या राहत्या जिल्ह्यातील, म्हणजे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. यंत्र कोठून विकत घेतले, या प्रश्नाने तेथे माझी अडवणूक होणार नाही.

सोबत खरेदीची पावती, तिन्ही प्रयोगशाळा अहवालांच्या प्रती, यंत्राच्या वाचनांची छायाचित्रे आणि दोन्ही केंद्रांशी झालेला पत्रव्यवहार जोडला आहे. तपासलेल्या तिन्ही नमुन्यांचा उरलेला भाग हवाबंद डब्यांत जपून ठेवला आहे. आपला प्रतिनिधी येणार असेल तर त्याच्यासमोर ते पुन्हा मोजता येतील.

आपला,
(सही)
एक ग्राहक, तालुका निपाणी, जिल्हा बेळगाव