बॅटरीसोबत हायड्रोमीटर आणि नोंदपत्रकही द्यावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीज गेल्यावर दिवे, संगणक किंवा दवाखान्यातील लशींची शीतपेटी चालू ठेवणारी लेड-अ‍ॅसिड बॅटरी दोन-तीन वर्षांत ‘जातेच’, असे बहुतेकांनी आता गृहीत धरलेले दिसते. दूरध्वनी केंद्राच्या बॅटरी-खोलीत अनेक वर्षे काम केले असल्यामुळे मला हे मान्य करणे जड जाते. तेथे २ व्होल्टचे २४ सेल एकापुढे एक जोडून ४८ व्होल्टचा संच केलेला असे आणि सेल दहा वर्षांहून अधिक चालणे ही आम्हाला नवलाची गोष्ट वाटत नसे. ते सेल जाड प्लेटांचे, मुद्दाम दीर्घ सेवेसाठी बांधलेले होते. त्यामुळे घरगुती बॅटरीशी त्यांची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही त्यांच्या दीर्घायुष्याचे एक कारण कोणत्याही बॅटरीला लागू पडते, ते म्हणजे भिंतीला अडकवलेली नोंदवही. ठरावीक ‘पायलट’ सेलचे (म्हणजे संपूर्ण संचाचे प्रतिनिधी म्हणून निवडलेल्या सेलचे) विशिष्ट गुरुत्व, म्हणजे आतले आम्लाचे द्रावण पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, तसेच व्होल्टेज आणि तापमान तिच्यात नियमाने लिहिले जाई आणि आकडा जरा सरकला तरी कोणीतरी त्याचे कारण शोधू लागे.

विशिष्ट गुरुत्वाला एवढे महत्त्व का, हे समजले की देखभालीतील निम्म्या गोष्टी आपोआप समजतात. बॅटरी वीज देते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते आणि त्यासाठी लागणारे आम्ल द्रावणातूनच खर्च होते. म्हणजे बॅटरी जितकी उतरलेली, तितके द्रावण पातळ. बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या ट्युब्युलर (नळ्यांच्या रचनेच्या धन प्लेटा असलेल्या) बॅटरीत पूर्ण चार्ज असताना हे गुरुत्व साधारण १.२४० असते, ज्याला आम्ही तोंडी ‘बाराशे चाळीस’ म्हणतो. या आकड्यात ०.८४ मिळवले की एका सेलचा स्थिर अवस्थेतील व्होल्टेज जवळजवळ बरोबर मिळतो. १.२४० ला २.०८ व्होल्ट, म्हणजे सहा सेलच्या बॅटरीला सुमारे १२.५ व्होल्ट. मात्र मीटरवरचा व्होल्टेज सहाही सेलची बेरीज दाखवतो आणि त्या बेरजेत एखादा आजारी सेल सहज लपतो. हायड्रोमीटर, म्हणजे द्रावणाचे विशिष्ट गुरुत्व मोजण्याचे साधन, प्रत्येक सेलची वेगळी साक्ष देतो. पाच सेल १.२३० च्या आसपास आणि सहावा १.१६० वर दिसला, तर त्याच दिवशी जागे व्हावे.

माझ्या मते बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ती उतरलेल्या अवस्थेत पडून राहणे. ताजे लेड सल्फेट बारीक कणांचे असते आणि चार्जिंगमध्ये पुन्हा विरघळते. पण आठवडेच्या आठवडे गेले की त्याचे टणक स्फटिक बनतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. सुट्टीसाठी महिनाभर बाहेर जाताना इन्व्हर्टर मुख्य स्विचसह बंद करणारे अनेक सद्गृहस्थ बचतीच्या हेतूने हेच करतात. बॅटरी पूर्ण चार्ज करून मगच जोडणी सोडावी, कारण वापरात नसतानाही ती हळूहळू उतरत असते आणि उष्ण हवेत अधिक वेगाने उतरते. तापमान २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा या क्षेत्रातील जुना ठोकताळा आहे. त्यामुळे बॅटरी उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवण्याचे नुकसान कोणत्याही देखभालीने भरून निघत नाही.

पाण्याबाबत तर गैरसमजच फार. चार्जिंगच्या अखेरीस, सेलचा व्होल्टेज सुमारे २.४ च्या जवळ गेला की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात. आम्ल मात्र आतच राहते. म्हणून भरायचे ते फक्त डिस्टिल्ड वॉटर, आम्ल कधीही नाही. घरातील शुद्धीकरण यंत्राचे पाणी पिण्यास उत्तम असले तरी त्यात क्षार उरतात, म्हणून तेही चालत नाही. पाणी चार्जिंग पूर्ण झाल्यावर भरावे, कारण आधीच काठोकाठ भरले तर वायूच्या बुडबुड्यांनी द्रावण वर चढून बाहेर सांडते. मात्र प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढेच आधी घालून मग चार्ज करावे. एकाच सेलला वारंवार पाणी लागत असेल तर दोष त्या सेलमध्ये आहे आणि सहाही सेल भराभर पाणी पीत असतील तर चार्जर अधिक व्होल्टेज देत आहे, असे समजावे. सीलबंद बॅटरीत पाणी भरताच येत नाही, म्हणून तिच्यासाठी चार्जरचा व्होल्टेज अचूक असणे अधिकच निकडीचे.

निवृत्तीनंतर एका ग्रंथालयाने मला त्यांच्या दोन बॅटऱ्या पाहण्यास बोलावले होते. १२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या होत्या आणि दोन्ही मेल्याचे त्यांना सांगण्यात आले होते. पहिलीच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता. त्या सैल, गंजलेल्या जोडामुळे संच कित्येक महिने पूर्ण चार्जच होत नव्हता. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल धुतले, जोड घट्ट केले, वरून पेट्रोलियम जेली लावली, पाणी भरले आणि दोन दिवस सावकाश चार्ज केल्यावर तिचे गुरुत्व १.१६० वरून १.२३० वर आले. दुसरीच्या प्लेटा मात्र दोन सेलमध्ये उघड्या पडून पांढुरक्या झाल्या होत्या. ती वाचली नाही. जुन्या बॅटरीशी नवी जोडली की चार्ज आणि डिस्चार्ज विषम होऊन नवीचेही आयुष्य घटते, म्हणून अखेर दोन्ही बदलाव्या लागल्या आणि वाचलेली बॅटरी जिन्यातील छोट्या दिव्यांना दिली. दोन बाटल्या पाणी वेळेवर न भरल्यामुळे हे घडले, याची खंत मला अजून आहे.

खरेदीच्या वेळी क्षमतेच्या आकड्यानेही फसगत होते. १५० अँपिअर-तास ही संख्या बहुधा २० तासांच्या दराने दिलेली असते, म्हणजे ७.५ अँपिअरने २० तास. त्याच बॅटरीवर इन्व्हर्टरमार्फत ६०० वॉटचा भार टाकला तर रूपांतरातील घट धरून जवळजवळ ६० अँपिअर प्रवाह जातो आणि त्या वेगाने ती पूर्ण १५० देतच नाही. अडीच तासांच्या हिशेबावर विसंबलेला माणूस मग बॅटरीला दोष देतो.

सुरक्षिततेबाबत दोनच गोष्टी लिहितो, पण त्या कळकळीने. हवेत हायड्रोजन ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेट घेतो, म्हणून बंद कपाटात किंवा जिन्याखालच्या कोंदट कोपऱ्यात बॅटरी ठेवू नये. आणि पाना हातात घेण्यापूर्वी अंगठी व धातूचा पट्टा असलेले घड्याळ काढून ठेवावे, डोळ्यांवर चष्मा चढवावा आणि ऋण टर्मिनल आधी सोडावे. संपलेली बॅटरी आम्ल नाल्यात ओतून भंगारात देऊ नये. त्या आम्लाबरोबर शिसेही जाते आणि शिशाची कोणतीही मात्रा मुलांच्या मेंदूसाठी सुरक्षित मानली जात नाही. ती विक्रेत्याकडे जशीच्या तशी परत करावी.

उत्पादक आणि विक्रेते यांना माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे की, पाणी भरता येणाऱ्या प्रत्येक बॅकअप बॅटरीसोबत एक साधा हायड्रोमीटर आणि बॅटरीच्या पेटीवर चिकटवता येईल असे नोंदपत्रक द्यावे, ज्यात तारीख, सहा सेलचे सहा आकडे आणि भरलेले पाणी एवढेच रकाने असतील. पहिली नोंद बसवणाऱ्या तंत्रज्ञाने ग्राहकासमोर, त्याच्याच हाताने करून घ्यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त दूरध्वनी तंत्रज्ञ