शेजारच्या टेबलावरच्या संकलक ताईंचे आभार

माहितीपटाच्या प्रशिक्षण शिबिरात रफ कट (पहिली कच्ची जुळणी) दाखवायच्या आदल्या संध्याकाळी कळलं, मुलाखतींच्या वेळी कॅमेऱ्याचा माइक बंदच पडला होता. आवाज फक्त वेगळ्या रेकॉर्डरवर, त्यामुळे तो चित्राशी जुळवायला सॉफ्टवेअरला कॅमेऱ्यावरचा आवाजच सापडेना. आमचे उतरलेले चेहरे पाहून या ताई स्वतःचं काम सोडून आल्या. म्हणाल्या, “प, ब, म शोधा. तिथे ओठ मिटतात.” पहिल्या मुलाखतीचा आवाज त्यांनी एकेक फ्रेम सरकवत मिटलेल्या ओठांवर बसवून दाखवला आणि माउस माझ्या हातात दिला. (सगळं स्वतःच करून टाकणारेच जास्त भेटतात.) मी अडले की पडद्यावर नुसतं बोट ठेवायच्या. श्रेयनामावलीत नाव घालू का विचारलं, तर हसून नको म्हणाल्या. ताई, नाव नको तर नको, आभार तरी घ्याच!