आधी विचार, तो एजंट कोणाचा?

प्रिय चिमणे,

तुझा साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल भाकऱ्या करता करता ऐकला, मग रात्री परत ऐकला. फोनच करणार होते पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे, म्हणून मोबाईल बाजूला ठेवून लॅपटॉपवर लिहायला बसलेय. शेवटी एकदाची पुणं सोडून नाशिकला घरी येतेयस याचा आनंद आहेच, तो वेगळा. आता तुझा प्रश्न, की इथे फ्लॅट घ्यायला पाथर्डी फाट्याचा तो एजंट "मॅडम मी तुमच्याच बाजूने आहे" म्हणतोय तर त्यालाच धरायचं का आपला वेगळा एजंट लावायचा, का कोणीच नको.

तर माझं ऐक. २०२२ ला आम्ही इंदिरानगरचा हा फ्लॅट घेतला तेव्हा आमचा एजंटपण हेच म्हणायचा. माणूस गोड, प्रत्येक वेळी वेळेवर यायचा, स्कूटर लावून आधीच खाली उभा. फक्त बोलायचा सगळं नवऱ्याशी, "सर बघा, सर घ्या", आणि हप्ता कोणाच्या पगारातून जाणार तर माझ्या. ते सोड. मालक ५६ लाख म्हणत होते. एजंटने रिक्षात बसता बसता विचारलं, ताई खरं सांगा, शेवटचा आकडा काय, मला माहीत असला तर मी नीट भांडेन. आणि मी, जी कॅनडा कॉर्नरला सीएच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या पैशांवर नजर ठेवते, मी सांगून टाकलं, ५५ पर्यंत जाऊ. दोन आठवडे ओढाताण झाली, दोनदा "पार्टी तुटतेय" असा फोन आला आणि ५४ ला बसलं. आम्ही एजंटला पेढे दिले गं, पेढे.

चार महिन्यांनी जुने मालक काका त्यांची काही पत्रं आमच्या पत्त्यावर आलेली ती न्यायला आले. मुलाकडे बंगळूरला राहायला गेले होते, एकटेच आले होते, मी चहा टाकला. स्वतःच्याच जुन्या किचनमध्ये पाहुण्यासारखे बसले होते बिचारे, ओट्यावरून हात फिरवत. बोलता बोलता म्हणाले, "मी तर ५१ ला मोकळा होणार होतो, मुलाने घाई लावली होती. पण तुमचा तो माणूस म्हणाला, थांबा काका, पार्टी ५५ पर्यंत येते." मी बशी हातात धरून तशीच उभी. "तुमचा माणूस" म्हणाले ते. आणि आम्ही तर त्याला आमचा समजत होतो! एक टक्का आमच्याकडून, एक टक्का काकांकडून, ५४-५४ हजार. काकांचा राग नाही आला, त्यांनी खरं सांगितलं म्हणून तर मला कळलं.

राग उतरल्यावर मी कागदावर आकडे मांडले. समज त्याने माझ्यासाठी भांडून ५१ ला आणलं असतं तर माझे ३ लाख वाचले असते, आणि त्याच्या एका बाजूच्या टक्क्यात फरक किती पडला असता? ३ हजार. म्हणजे माझ्या ३ लाखांसाठी त्याने स्वतःचे ३ हजार, दोन्ही बाजू धरल्या तर ६ हजार, कमी करायचे आणि वर आठवडाभर जास्त पळायचं. कशाला पळेल तो? मी त्याच्या जागी असते तर मीपण नसते पळाले. तो चोर नाही गं, त्याचा पगारच असा ठरलाय की सौदा पटकन आणि वरच्या आकड्याला झाला की त्याचं भलं.

तुझा डॅलसचा दीर म्हणतो ना की अमेरिकेत प्रत्येकाचा स्वतःचा एजंट असतो, ते खरंय, पण तिकडे काय झालं तेपण विचार त्याला. तिथे वर्षानुवर्षं विकणाराच दोन्ही एजंटांचे पैसे द्यायचा, मिळून ५-६ टक्के, आणि घेणाऱ्याला वाटायचं माझा एजंट फुकट. फुकट कसला, घराच्या किमतीतच धरलेला. या पद्धतीविरुद्धच्या दाव्यात २०२३ ला मिसुरीतल्या ज्युरीने विकणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, मग २०२४ च्या मार्चमध्ये तिथल्या रिअल्टर लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड केली, आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम असा की एजंटबरोबर घर बघायला जायच्या आधीच घेणाऱ्याने त्याच्याशी लेखी करार करायचा, त्यात त्याची फी किती ते लिहिलेलं पाहिजे. मला यातली ही लेखी फीचीच गोष्ट आवडली. आपल्याकडे फी कधी ठरते? टोकन देऊन झाल्यावर, "ते बघू ना ताई, घरचंच आहे."

आता दादाचं ऐक, कारण त्याने माझं बघून शहाणपणा केला. २०२४ ला त्याला मखमलाबाद रोड नाहीतर गंगापूर रोडच्या बाजूला हवं होतं, रिसेल, म्हणजे आधीच्या मालकाकडून. त्याने पंचवटीतला एक जुना एजंट गाठला आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, टक्का नाही, ठरीव ४० हजार देतो, निम्मे वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजा तपासल्याचा) क्लिअर आल्यावर, निम्मे खरेदीखताच्या दिवशी, आणि समोरच्या पार्टीकडून एक रुपया घ्यायचा नाही, हे व्हॉट्सअपवर लिहून दे. तो माणूस हसला आधी. म्हणाला अशी पार्टी मला पहिल्यांदाच भेटली. पण लिहून दिलं.

आणि मग तो कसा वागला ते मी स्वतः बघितलंय, दोनदा मीपण गेले होते सोबत. नदीकडेला एक फ्लॅट होता, बाल्कनीतून गोदावरी दिसायची, वहिनी तर तिथेच पडदे कुठले लावायचे ते बोलायला लागली. हा माणूस आत आलाच नाही फारसा. खाली उतरल्यावर म्हणाला, ताई त्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा २००८ ला पाणी कुठवर होतं. सप्टेंबर २००८ चा पूर आठवतोय ना तुला. किराणावाल्याने काही न बोलता शटरवर हात ठेवला, बरोबर त्याच्या छातीइतका. मग एजंटने नकाशाची प्रिंट काढून निळी रेषा लाल रेषा दाखवली, त्या पुरानंतर या पूररेषा आखल्यात, बिल्डिंग कुठे बसते ते तिथल्या तिथे दिसलं. टक्क्यावरचा माणूस असता तर "रिव्हर व्ह्यू" म्हणून दोन लाख वर सांगितले असते!

शेवटी जो घेतला तो बघायला त्याने सकाळी सातला नेलं, नळाला पाणी किती जोरात येतं ते बघायला, आणि परत भर पावसात नेलं. बेडरूमच्या एका भिंतीला नुकताच रंग दिला होता आणि बाकी तीन भिंती जुन्या. त्याने फक्त कपाटामागे हात घालून बघितला, बोटं ओली. मालक ६४ सांगत होते. त्याने नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर त्याच बिल्डिंगचे आधीचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे किमतीसकट उतारे, काढले (फुकट आहे, घरबसल्या होतं, मुंबई सोडून बाकी महाराष्ट्राचे २००२ पासूनचे दिसतात), खालच्या मजल्याचा तेवढाच फ्लॅट आठ महिन्यांपूर्वी ५६ ला गेलेला. अर्थात तो कागदावरचा आकडा, खालून रोख किती गेले ते इंडेक्स टू मध्ये दिसत नाही, तरी बोलायला जागा मिळाली. ओली भिंत आणि हा कागद दोन्ही टेबलावर ठेवून ५८ ला बसलं.

म्हणून रिसेलला माझं मत पक्कं आहे, स्वतःचा माणूस लाव, पण पैसे तू द्यायचे आणि ठरीव द्यायचे. आणि तो कितीही आपला असला तरी शेवटचा आकडा त्याला सांगायचा नाही, मला सांग, आईला सांग, त्याला नाही. रेराचा नंबर आहे म्हणून एजंट चांगला असंही समजू नको, रेरा हा घरखरेदीचा कायदा नव्या नोंदलेल्या प्रोजेक्टच्या विक्रीसाठी आहे, दोन माणसांमधल्या जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात तो मधे येत नाही.

नवीन स्कीममध्ये घ्यायचं असेल तर गणित उलटं. तिथे जो तुला "माझी फी शून्य" सांगतो तो चॅनल पार्टनर, त्याला बिल्डर देतो, तो कायम बिल्डरचाच. साइट ऑफिसला गेलीस की रिसेप्शनवरची मुलगी पहिलं विचारते "कोणाच्या थ्रू आलात?" आणि मोबाईल नंबर टाकून घेते. एकदा एजंटबरोबर गेलीस की तुझा नंबर त्याच्या नावावर लागला, मग नंतर एकटी जाऊन डायरेक्टचा डिस्काउंट मागितलास तर मिळत नाही. म्हणून पहिल्यांदा एकटीच जा, आणि "त्या एजंटला द्यायचे ते माझ्या किमतीत कमी करा" असं सरळ तोंडावर बोल, लाजू नको. महारेराच्या (रेरासाठीच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताबा कधीचा लिहिलाय, तक्रारी आहेत का ते बघ. एजंटलाही तिथे नोंदणी लागते आणि २०२३ पासून परीक्षापण आहे, तर त्याचाही नंबर माग. आणि रजिस्टर्ड करार व्हायच्या आत किमतीच्या १० टक्क्यांच्या वर ते घेऊ शकत नाहीत, कितीही "आज शेवटचा दिवस" म्हणाले तरी. जीएसटीचं भेटल्यावर बोलू, कंप्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) मिळालेल्या फ्लॅटला लागत नाही एवढं डोक्यात ठेव.

वकील मात्र दोन्हीकडे तुझा स्वतःचा. एजंट म्हणेल आमचे वकील आहेत ना, स्वस्तात करतात. नको. सर्च, सोसायटीची एनओसी, शेअर सर्टिफिकेट, घरपट्टीची थकबाकी, मंजूर प्लॅनमध्ये ती बंद केलेली बाल्कनी आहे का, हे सगळं बघायला असा माणूस हवा ज्याला सौदा मोडला तरी चालेल.

अजून एक, हे मी कोणाला सांगत नाही फारसं. आम्ही खरेदीखताला दोघांची नावं टाकली, एजंट म्हणाला लोनला बरं पडतं. एकट्या बाईच्या नावावर घर घेतलं तर २०२१ च्या एप्रिलपासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, नवऱ्याचं नाव आलं की गेली. बँकेला नवरा नुसता को-अ‍ॅप्लिकंट म्हणूनपण चालला असता, मी नंतर विचारलं. ५४ हजार गेले. बरोबर त्याच्या कमिशनएवढे. ऑफिसात सांगितलं तर सर अजून चिडवतात. तू मुकाट एकटीच्या नावावर घे, भाऊजींना मी समजावते.

तो पाथर्डीवाला कुंभमेळ्याचं सांगून घाई करतोय ना, की २०२६-२७ च्या आत घ्या नाहीतर हाताबाहेर जाईल? २०१५ च्या आधीपण हेच सांगायचे सगळे. रस्ते होतायत, भाव वाढलेतही, मी नाही म्हणत नाही, पण कुंभमेळा तुझ्या टोकनसाठी थांबलेला नाहीये.

तर शनिवारी येतेयस ना नक्की? त्याला तोपर्यंत टोकनचे ५१ हजार सोड, ५१ रुपयेपण देऊ नको. बिल्डिंगचा सर्व्हे नंबर आणि फ्लॅट नंबर पाठव, मी उद्या लंचमध्ये इंडेक्स टू काढून ठेवते. आणि त्याला सहज विचार, मालकाकडून किती घेतोस रे? काय बोलतो त्यापेक्षा किती वेळ गप्प बसतो ते बघ आणि मला सांग. रविवारी सकाळी मिसळ खाऊ, मग तिघी मिळून फ्लॅट बघायला जाऊ, आईपण येणारे म्हणतेय. नळ ती उघडून बघेल.

तुझीच,
ताई (फक्त तीन महिन्यांनी मोठी, तरी)